विरोधात एक हात

तळेगावच्या तळ्याकाठी रोज सकाळी आम्ही सहा-सात रिटायर माणसं फिरायला जातो. फेरी एक आणि बाकावर बसणं दीड तास. गुडघे, सुना आणि गॅस सिलिंडर हे विषय संपले की गाडी राजकारणावर येते, आणि हल्ली तर थेट परदेशात जाते. कुठल्या तरी देशाचा, लोकांनी डोक्यावर घेतलेला अध्यक्ष बोलतो काय आणि करतो काय, यावर आमच्या बाकावर भांडणं होतात. अर्धे म्हणतात, माणूस लोकांचा आहे. अर्धे म्हणतात, लोकांच्या नावावर स्वतःचं दुकान चालवतोय. मी गप्प बसतो. माझा अभ्यास नाही म्हणून नव्हे. मी असल्याच एका अध्यक्षाचा नऊ वर्षं चिटणीस होतो.

आमच्याकडे देश नव्हता, चाकणचा एक कारखाना होता. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचो. चारशे माणसं, दोन शिफ्ट आणि एक अंतर्गत युनियन, म्हणजे बाहेरच्या कुठल्या पुढाऱ्याची नाही, आमची आमची. मी असेंब्लीत फिटर होतो. अक्षर चांगलं म्हणून युनियनचं रजिस्टर माझ्याकडे आलं आणि त्यावरून सगळे मला ‘मास्तर’ म्हणायला लागले. वर्गात मी कधी शिकवलेलं नाही.

चिटणीसाचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. सभा झाली की काय ठरलं ते लिहायचं. याला इतिवृत्त म्हणतात. तारीख, जागा, हजर माणसं, ठराव, सूचक, अनुमोदक आणि शेवटी एक शब्द. सगळ्यांचं एकमत असेल तर ‘सर्वानुमते’, नसेल तर ‘बहुमताने’. खाली अध्यक्षाची सही, चिटणीसाची सही. उद्या कंपनीशी भांडण झालं, मामला सरकारी कामगार कार्यालयात गेला, तर सभेत कोण किती ओरडलं हे कोणी विचारत नाही. रजिस्टर बघतात. आणि माझं रजिस्टर बघण्यासारखं होतं. नऊ वर्षांत त्यात एक खाडाखोड नव्हती. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. होता म्हणतो, कारण पुढे काय झालं ते सांगायचं आहे.

अध्यक्षाचं नाव सुदामभाऊ. चाकणच्याच बाजूचा, जुन्या गावकीतला. त्याच्या वडिलांची जमीन कारखान्यांत गेली आणि त्या बदल्यात मुलाला नोकरी लागली. अंगानं आडवा, आवाज असा की प्रेस मशीन चालू असताना पलीकडच्या शेडला ऐकू यावा. त्याच्या आधीचे पुढारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा पिऊन बाहेर यायचे आणि काय ठरलं ते आम्हाला नोटीस बोर्डावर कळायचं. सुदामभाऊ याच्यावर चिडलेला होता आणि मनापासून चिडलेला होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं काय केलं, तर सुतारशॉपमधून पेचकस मागवला आणि युनियन ऑफिसचं दार बिजागरीतून काढलं.

“मास्तर, कामगारांच्या अध्यक्षाला दार कशाला लागतंय? ज्याला यायचंय त्यानं यावं. आमी काय लपून बसलोय व्हय?”

दार कॉम्प्रेसर रूमच्या मागे टेकवून ठेवलं. बातमी तासाभरात प्लँटभर झाली. माणसं उगाच येऊन दार नसलेल्या ऑफिसात डोकावून जायची. कँटीनमध्ये तो ताट घेऊन रांगेत उभा राहायचा, पुढे बोलावलं तरी जायचा नाही. आणि त्यानं सगळ्यात मोठी गोष्ट केली ती म्हणजे निळ्या शर्टवाल्यांना सभासद करून घेतलं.

पर्मनंट कामगारांचा शर्ट राखाडी आणि कंत्राटदाराच्या माणसांचा निळा. काम तेच, मशीन तेच, कँटीन तेच. फक्त निळ्या शर्टवाल्याला उद्या येऊ नको म्हटलं की संपलं. जुन्या युनियनला ही माणसं दिसायचीच नाहीत. सुदामभाऊनं पहिल्याच गेट सभेत सांगितलं, “ज्याच्या हाताला ग्रीस, त्याच्या हाताला मत! शर्टाचा रंग आमी बघनार न्हाई.” निळ्या शर्टवाल्यांनी त्याला उचलून घेतलं. त्या उचलणाऱ्यांत प्रेस शॉपचा नागनाथ होता.

नागनाथ लातूरकडचा. दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला एका खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहायचा. सात वर्षं निळ्या शर्टात. आमच्या जुन्या करारात एक कलम होतं. दर वर्षी कंत्राटी कामगारांतून ठरावीक माणसं पर्मनंट करायची, आणि तीही जुनेपणाच्या यादीप्रमाणे. मॅनेजरचा मेहुणा आला म्हणून मधे घुसवायचा नाही. माणसं त्या कलमाला नुसतं ‘यादी’ म्हणायची. त्या यादीत नागनाथ आता पहिल्या नंबरवर पोचला होता. चहाच्या वेळी भेटला की तो मुलींची शाळा, बायकोचं शिवणकाम यावर बोलायचा आणि शेवट ठरलेला असायचा, “बघा मास्तर, पुढच्या दिवाळीला मी राखाडी.”

सभासद झाल्याचं कार्ड त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. ते कार्ड मीच लिहिलं होतं.

मग सुदामभाऊनं आणखी एक सुधारणा केली. आमच्या युनियनमध्ये प्रत्येक खात्याचा एक प्रतिनिधी असायचा. असे नऊ जण. ही माणसं जरा कटकटी होती. प्रत्येक कागद वाचायला मागायची, ‘हे कशाला, ते का नाही’ असं विचारायची. सुदामभाऊनं भर सभेत सांगितलं, “तुमच्या न् माझ्यामधी कुनी दलाल नको. आजपास्नं समदं तुमीच ठरवायचं. गेटवर, उघड्यावर, हात वर करून.” प्रतिनिधी मंडळ बरखास्त. टाळ्या एवढ्या पडल्या की त्या नऊ जणांतल्या चौघांनी स्वतःही वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मग ऑफिसात जाऊन लिहिलं, सर्वानुमते.

आता गेट सभा कशी असते ते सांगतो. पहिली शिफ्ट तीनला सुटते, दुसरी साडेतीनला आत जाते, म्हणून गेटवर दोन्ही असतात. कंपनीच्या बसेस तीन वीसला निघतात. एक पिंपरीकडे, एक तळेगावला, एक वाकडवरून पुढे. चुकली तर शेअर रिक्षा शोधत, चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकत, घरी पोचायला दोन तास. म्हणजे सभेला मिळणारी मिनिटं वीस. त्यातली पहिली दहा भाषणाची. मतदान नेमकं तेव्हा यायचं, जेव्हा ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलेले असायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हा योगायोग आहे.

स्टेजवर उभं राहून हात बघायची मला सवय झाली. पुढच्या रांगेतले हात कोपरापासून ताठ. मागच्यांचे कानापर्यंत, म्हणजे नंतर कोणी विचारलं तर डोकं खाजवत होतो म्हणता येतं. आमच्यात एक म्हातारा ऑपरेटर होता, तो बाजूनेही हात वर करायचा आणि विरोधातही. मी विचारलं तर म्हणाला, “मास्तर, कुणाला वाईट वाटायला नको.” एकदा तर त्यानं श्रद्धांजलीच्या ठरावालाही विरोधात हात वर केला. आम्ही हसलो होतो. आता वाटतं, निदान तो दोन्ही वेळा हात वर तरी करायचा.

आणि मी? मला पण बस पकडायची असायची. इतिवृत्तावर अध्यक्षाची सही त्याच दिवशी लागायची, कारण नक्कल सकाळी एचआरला द्यायची असे. पहिल्यांदा जे झालं ते कँटीनच्या उसळीवरून. गुरुवारी मटकीऐवजी चवळी द्यावी, एवढाच ठराव. याला कोण विरोध करणार? मी जेवणाच्या सुट्टीतच अख्खं इतिवृत्त लिहून ठेवलं. सभा झाली, चवळी मंजूर झाली, सुदामभाऊनं जागच्या जागी सही केली आणि मी पहिल्या सीटवर बसून घरी आलो.

“मास्तर,” सुदामभाऊ खूश होऊन म्हणाला, “तुमची तर सभा व्हायच्या आदीच सभा झाली की!”

पुढच्या सभेला त्यानं स्वतःच विचारलं, लिहून तयार आहे का? मग तो रिवाजच पडला. ठराव तो सकाळी सांगायचा, दुपारी मी लिहायचो, तीनला चारशे माणसं येऊन आम्ही लिहिलेलं करून जायची. मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट अक्षर घाईत बिघडत नाही म्हणून बरंच वाटायचं.

मग नव्या कराराची वेळ आली. पूर्वी बोलणीला पाच जण जायचे. आता मधे कोणी नको म्हटल्यावर सुदामभाऊ एकटाच गेला, वाकडच्या एका हॉटेलात, तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर मसुदा टाकला. राखाडी शर्टांना चांगली वाढ, आईवडिलांचा विमा, नव्या बसेस. मी पानं उलटत शेवटच्या पानावर आलो. ‘इतर’ या मथळ्याखाली लिहिलं होतं की जुन्या करारातलं यादीचं कलम रद्द करण्यात येत आहे आणि कंत्राटी कामगारांचा कंपनी आपल्या गरजेनुसार सहानुभूतीनं विचार करेल.

“भाऊ, यादी गेली की.”

“गेली कुठं? सहानुभूतीनं विचार हाय न्हवं?”

“आपण या पोरांना सभासद केलंय.”

“म्हनून तर!” तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला ते समजायला थोडा वेळ लागला. युनियननं केलेला करार सभासदांवर बंधनकारक असतो. निळे शर्ट बाहेर असते, तर कोर्टात जाऊन म्हणू शकले असते की आम्हाला कोणी विचारलंच नाही. आता ते आत होते. त्यांना विचारलं जाणार होतं, गेटवर, तीन वाजून दहा मिनिटांनी.

मी त्या दुपारी इतिवृत्त लिहिलं. तीन पानं भरली. शेवटी नेहमीचा शब्द लिहिला.

सभेत सुदामभाऊनं वाढ वाचली, विमा वाचला, बसेस वाचल्या. टाळ्या थांबेनात. ‘इतर’ त्यानं वाचलं नाही. तेव्हा मधल्या रांगेतून नागनाथचा आवाज आला.

“भाऊ, यादीचं काय ते वाचा की.”

“आरं नागनाथा, तुमच्याचसाठी तर समदं चाललंय! कंपनी तुमचा सहानुभूतीनं विचार करनार हाय. लेखी घेतलंय. चला, हात वर!”

राखाडी हात वर गेले. निळ्या शर्टवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. गेटच्या खांबापाशी कंत्राटदाराचा सुपरवायझर हातात हजेरीचा कागद घेऊन उभा होता. एकेक करून त्यांचेही हात वर आले, कानापर्यंत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“विरोधात?” सुदामभाऊनं विचारलं. हे तो नेहमी विचारायचा, अगदी हसत.

एक हात वर आला. नागनाथचा. ताठ, आणि त्यात मशीन पुसायचं फडकं तसंच राहिलेलं. सुदामभाऊ म्हणाला, “नागनाथ, बस थांबवतोय का रं?” माणसं हसली आणि बसेसकडे पळाली. हात मात्र वरच होता. गर्दी विरळ झाली तेव्हा त्यानं स्टेजकडे बघितलं. माझी आणि त्याची नजरानजर झाली. मी बघितलंय हे त्यानं बघितलं, मग हात खाली घेतला.

माझ्या खिशात पेन होतं. एक शब्द खोडून दुसरा लिहायचा होता, ‘बहुमताने’. खाली ‘विरोधात एक’. अर्ध्या मिनिटाचं काम. पण रजिस्टरमध्ये खाडाखोड झाली असती. आणि तळेगावची बस हलायला लागली होती. मी सुदामभाऊची सही घेतली, माझी केली आणि पळालो. यापेक्षा मोठं कारण मला देता आलं असतं तर बरं झालं असतं. नाही देता येत.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला दार बसलं. नवं, काचेचं, आपोआप बंद होणारं. मी सवयीनं सरळ आत गेलो तर कपाळावर टेंगूळ आलं.

दोन महिन्यांत कंत्राटदार बदलला आणि नव्यानं जुन्या माणसांपैकी निम्मी घेतलीच नाहीत. त्यात नागनाथ होता. त्यानं कामगार कार्यालयात तक्रार केली. ‘मी यादीत पहिला होतो, यादी रद्द करायला मी संमती दिली नव्हती,’ एवढंच त्याचं म्हणणं. सुनावणीला सुदामभाऊ आणि मी रजिस्टर घेऊन हजर होतो. अधिकारी शांत, वयस्कर माणूस होता. कंपनीच्या वकिलानं आधी नागनाथला विचारलं, तुम्ही युनियनचे सभासद आहात का? नागनाथनं अभिमानानं खिशातून कार्ड काढून दाखवलं. वकिलानं मान डोलावली आणि माझं रजिस्टर पुढे सरकवलं.

अधिकाऱ्यानं ते वाचलं. “इथे तर सर्वानुमते आहे.”

“न्हाई साहेब. मी हात वर केलता. विरोधात. ह्या मास्तरांनी बघितलंय, इचारा त्यांना.”

आणि तो माझ्याकडे बघून हसला. ओळखीचं, विश्वासाचं हसला. अधिकारी माझ्याकडे वळला. सुदामभाऊचा हात माझ्या गुडघ्यावर होता, दाबलाही नव्हता, नुसता होता.

मी म्हणालो, “साहेब, चारशे माणसांची सभा होती. एकेक हात आठवत नाही. नोंद आहे ती खरी धरावी.”

हे वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलेलं नव्हतं. तिथेच सुचलं. इतकी वर्षं इतिवृत्तं लिहून माझी भाषाच तशी झाली होती. अधिकाऱ्यानं रजिस्टरचं पान उन्हाकडे धरून बघितलं, कुठे खोडलंय का म्हणून, आणि मिटून ठेवलं. “स्वच्छ रजिस्टर आहे,” तो म्हणाला.

बाहेर टपरीवर सुदामभाऊनं चहा पाजला. “वाईट वाटून घेऊ नका मास्तर. लोकशाहीत एका मानसापायी थांबता येत न्हाई.” मी चहा प्यायलो. नागनाथ समोरच्या स्टॉपवर उभा होता. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. मला त्याची शिवी चालली असती.

सुदामभाऊ पुढे मोठा झाला. चौकातल्या फ्लेक्सवर आता त्याचे हात जोडलेले असतात आणि खाली ‘सर्वसामान्यांचा हक्काचा माणूस’ लिहिलेलं असतं. मी रिटायर झालो तेव्हा निरोपाच्या भाषणात तो म्हणाला, “मास्तरांसारखं रजिस्टर कुनाचं न्हाई.” टाळ्या पडल्या. मला उठून जावंसं वाटलं, पण मी नमस्कार करून शाल घेतली. ती शाल अजून पिशवीतून बाहेर काढलेली नाही.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मुलीकडे वाकडला गेलो होतो. तिच्या बिल्डिंगच्या गेटवर रिक्षा थांबली, वॉचमननं सलाम केला आणि वही पुढे केली, नाव लिहा म्हणून. मी लिहिलं. त्यानं ते अक्षर बघितलं आणि मग माझ्या तोंडाकडे.

“मास्तर?”

नागनाथ होता. केस पिकलेले, अंगावर पुन्हा निळाच शर्ट. मागे गाड्या खोळंबल्या होत्या म्हणून सुट्टी कधी असते एवढंच विचारता आलं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी पत्ता विचारत दापोडीला गेलो. तीच खोली. आत बायको मशीनवर शिवत होती. आम्ही दारातल्या बाकावर बसलो. ख्यालीखुशाली झाली. एक मुलगी नर्स झाली होती, दुसरी शिकत होती.

“आता काय मास्तर, दिवसभर हात वरच असतो,” तो म्हणाला. “गाडी आली की सलाम.”

मी जे बोलायला गेलो होतो ते एकदाचं बोललो. “नागनाथ, त्या दिवशी तुझा हात मी बघितला होता. फडक्यासकट. कार्यालयात मी खोटं बोललो.”

तो रागावेल असं मला वाटलं होतं, थोडी आशाच होती.

“म्हणजे मी केलता वर,” तो म्हणाला. “मला तर वाटायलं होतं मास्तर, केलाच नव्हता की काय. कागदावर नाही, सायबानं नाही म्हणलं, तुमी नाही म्हणलात. मंग मीच म्हणायलो स्वतःला, बहुतेक भ्यालो आसंल मी. करायचा म्हणलो आसंल आन् राहिला आसंल.”

मग तो उठला. “जरा आत या. हे हिला सांगा. हिला पण तसंच वाटतंय. आठ वर्सं झाली, बोलत नाही, पण वाटतंय तिला.”

मी आत गेलो आणि सांगितलं. तिनं मशीन थांबवलं, सगळं ऐकलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग उठून मला पाणी दिलं, कारण घरी आलेल्या माणसाला देतात.

“मंग तवा का नाही सांगितलं?” तिनं विचारलं.

ती उत्तराची वाट बघत उभी होती. नागनाथही.

बसची वेळ झाली, असं म्हणून मी उठलो. मी लोकलनं आलो होतो.